दोन वाव दोरी

भाईंदर पश्चिम
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय कॅजिटन,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील, आणि ओळखल्यावर म्हणाला असशील, या तुळशाला आता काय खाज सुटली? बरोबरच आहे तुझं. भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस सुटते, तासाभरात मी तुझ्या दारात उभा राहू शकतो, आणि हा शहाणा पोस्टाचं तिकीट चिकटवत बसलाय. खरं सांगू? या महिन्यात दोनदा त्या बसमध्ये बसलो होतो. एकदा मुर्ध्याला उतरलो, एकदा राईपर्यंत धीर टिकला. कंडक्टर म्हणाला, काका, तिकीट तर उत्तनचं काढलंत ना? म्हटलं, हो रे बाबा, पोटात कळ आली. तुझ्यासमोर बसलो तर मी विषय बदलणार, मासळीचे भाव विचारणार आणि चहा पिऊन परत येणार, हे मला माझं ठाऊक आहे. म्हणून लिहितोय.

आधी बातमी देतो. मी पुन्हा फोटो काढतोय. मोबाईलवर नव्हे, आपल्या डबा कॅमेऱ्यावर! तोच, आपण दोघांनी चोरबाजारात दिवसभर पायपीट करून आणलेला. पुढे अंतराचे आकडे, वर सूर्य आणि ढग अशी दोन चित्रं, मागे नंबर बघायची लाल खिडकी, बस, एवढाच त्याचा संसार. गेल्या दिवाळीत माळ्यावर आकाशकंदील शोधत होतो, तर कंदील राहिला बाजूला आणि हा हाताला लागला. पिशवीला बुरशी आलेली, पट्टा तुटलेला, पण खटका दाबला तर टक्क! माझे गुडघे एवढी वर्षं टिकले नाहीत, हा टिकला. रोल आता इंटरनेटवर मिळतो म्हणे. रीमाने पुण्याहून मागवून दिला. तिला काय, बाबांचं कशात तरी मन रमतंय ना, मग झालं. धुवायला आपला स्टेशनजवळचा जुनाच स्टुडिओ आहे. म्हातारे मालक गेले, आता त्यांची लेक मिनलताई गल्ल्यावर बसते. पन्नाशीची बाई, तोंडाने फटकळ, हाताने बापासारखीच चोख. दिवसभर पासपोर्टचे फोटो काढते आणि कपांवर लोकांची तोंडं छापते. पण कॉलेजच्या मुलांना पुन्हा रोलचं वेड लागलंय म्हणून तिने बापाची अंधारखोली साफसूफ करून घेतलीय. एक रोल, बारा फोटो. बारा संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, हा आपला नियम मी अजून पाळतोय.

सकाळी ऊन कोवळं असतानाच निघतो. मिठागरांकडे गेलो होतो. जी थोडी उरलीत तिथे पाणी तसंच चमकतं, पण मागे बघावं तिकडे टॉवर. वरसाव्याला खाडीच्या काठावर गेलो, तर पुलावरच्या हवालदाराने लांबूनच शिट्टी मारली. जवळ येऊन डबा हातात घेतला, उलटापालटा केला, आणि विचारलं, इसमें दिखता किधर है? म्हटलं, नहीं दिखता साहेब, धुतल्यावर कळतं. बिचाऱ्याला माझीच दया आली, सोडून दिलं. आणि खारीला तर कहरच झाला. गावातलं एक जुनं कौलारू घर काढायचं होतं, चारही बाजूंनी इमारती आणि मधे ते एकटं. ओसरीच्या खांबापासून अंतर मोजायला मी आपली दोरी काढली. पाच मिनिटांत पंधरा माणसं जमली. एक जण म्हणतो, अंकल, रोड में कितना फूट जा रहा है? एक बाई तर रडायलाच लागली, म्हणे आमची मोरी गेल्याच वर्षी बांधलीय. त्यांना वाटलं पालिकेचा माणूस रस्ता रुंदीकरणाची मापं घ्यायला आलाय. घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं की ही फोटोची दोरी आहे. कोण ऐकतंय? फोटोला दोरी लागते हे आता तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?

हो, दोरीसुद्धा तीच आहे. तुझ्या बाबांनी जाळ्याच्या दोरीतून कापून दिलेली. आठवतं? त्यांनी दोन्ही हात पसरून एक वाव मापली, गाठ मारली, पुन्हा हात पसरले, पुन्हा गाठ. वाव म्हणजे सहा फूट, बोटीवर खोली मोजतात तेच माप इथे धरा, फूटपट्टी घेऊन काय कापड विकताय, असं म्हणाले होते. आपला कॅमेरा आंधळा, त्याला अंतर सांगावं लागायचं. म्हणून मी डबा धरायचो आणि दोरीचं एक टोक माझ्या छातीशी. दुसरं टोक घेऊन तू चालत जायचास, ज्याचा फोटो त्याच्या छातीशी लावायचास, गाठी मोजून ओरडायचास, दोन वाव! मी आकडा फिरवायचो, तू बाजूला व्हायचास, मी खटका दाबायचो. मग तू दोरी गुंडाळत परत यायचास आणि चावी फिरवून फिल्म पुढे सरकवायचास. लाल खिडकीत पुढचा नंबर आला की मोठ्याने सांगायचास, पाच आला! दाबणाऱ्याने सरकवायचं नाही आणि सरकवणाऱ्याने दाबायचं नाही, हा नियम तूच केला होतास, कारण मी घाईत विसरेन याची तुला खात्री होती. रीमाने परवा फोनवर विचारलं, एका फोटोला दोन माणसं कशाला लागायची? म्हटलं, बाळा, फिल्म सरकवली नाही तर त्याच चौकोनावर दुसरा फोटो बसतो, एकावर एक. एकाने विसरलं तर दुसऱ्याला आठवावं, म्हणून दोन माणसं.

आता मी एकटाच दाबतो आणि एकटाच सरकवतो. दोरीचं दुसरं टोक कधी खांबाला बांधतो, कधी दगडाखाली ठेवतो. नंबर आला की सवयीने ओरडतो, सात आला! जॉगर्स पार्कातल्या बायका वळून बघतात. घरी आलो की कुलूप मीच उघडतो, दिवा मीच लावतो. संजना गेली त्याला मार्चमध्ये दोन वर्षं होतील. तू आला होतास त्या दिवशी. तुला वाटलं असेल मी बघितलं नाही. बघितलं. पांढरा शर्ट घालून खाली गेटजवळ उभा होतास, वर आला नाहीस, तिला गाडीत ठेवताना डोक्यावरची टोपी काढलीस. गर्दीतून माझ्याजवळ आलास तेव्हा नुसता खांदा दाबलास आणि गेलास. दोन शब्द बोलला असतास तर मी तिथेच सगळं ओकलो असतो. पण तू कधीच कुणाला पेचात धरत नाहीस, हीच तुझी खोड. त्या रात्रीपासून घरात माझ्याशी बोलायला टीव्हीच आहे. रीमा रविवारी फोन करते, फराळ कुरियरने पाठवते. यंदाच्या चकल्यांचा वाटेत मोडून चुरा झाला होता, मी तो चमच्याने खाल्ला. दिवाळीत इतकं एकटं वाटलं, कॅजी, की मी तीन वेळा खाली जाऊन वॉचमनला दिवाळीच्या शुभेच्छा देऊन आलो.

पण मला तुझ्या आईबद्दल, आयरिनमावशीबद्दल लिहायचंय. तिथे यायला पाच परिच्छेद घेतले, बघ. अठ्ठ्याऐंशी साल. आपण दोघं भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला, संध्याकाळी नाकातून काळं निघायचं आणि रविवारी तू चर्चमधल्या मिस्साहून आलास की आपण समुद्रावर. तुझ्या आईचा एकही धड फोटो नव्हता. लग्नाच्या घोळक्यातला एक, त्यात ती तिसऱ्या रांगेत आणि पुढच्या बाईच्या अंबाड्याआड अर्धी. तू वर्षभर मागे लागला होतास आणि ती म्हणायची, मना कशाला उभी करता, मी काय नवरी हाय? शेवटी पावसाळा संपून तुमची होडी पहिल्यांदा पाण्यात उतरली त्या दिवशी ती तयार झाली. फादर होडीवर पवित्र पाणी शिंपडून गेले, बँजो वाजत होता, पोरं फटाके लावत होती. मावशी लाल लुगडं नेसून, केसांत फुलं माळून वाळूत उभी राहिली. तू दोरी घेऊन गेलास, तिच्या छातीशी टोक लावलंस, आणि ती तुला म्हणाली, गुदगुल्या करतंय मेला! दोन वाव, असं तू ओरडलास आणि डावीकडे सरकलास. मी दाबलं. रोलवरचा सातवा फोटो. मी म्हटलं, मावशी, बारा पुरे झाले की हातात आणून देतो.

बारा पुरे व्हायच्या आधीच ऑक्टोबर उजाडला, आणि ऑक्टोबरात मावशी गेली. छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत खेळ संपला. आठवड्याने तू कारखान्यात आलास, दाढी वाढलेली, आणि म्हणालास, तुळशा, रोल दे धुवायला. महिन्याच्या मिस्साचं कार्ड छापायचंय, त्यावर आईचा फोटो पाहिजे. राहिलेले दोन फोटो मी त्याच दिवशी कारखान्याच्या गेटचे काढून संपवले. स्टुडिओत मी एकटा गेलो. आणि परत येऊन तुला काय सांगितलं ते तुला आठवतंच. फिल्म सरकलीच नव्हती, मावशीवर होडी बसलीय, एकावर एक, चेहरा पुसला गेलाय, काही कामाचं नाही, मी निगेटिव्ह टाकून दिली. तू कसा उभा होतास! म्हणालास, मी परत येऊन चावी फिरवली होती रे, आठ आला म्हटल्याचं मला आठवतंय. आणि मी, कॅजी, मी तुझ्या तोंडावर म्हटलं, नाही म्हटलास. तू होडीकडे बघत होतास, विसरलास. मग तूच मला सॉरी म्हणालास. तुझी आई मेलेली, आणि तू मला सॉरी म्हणालास! मी काय केलं असेल? मी जाऊ दे म्हटलं. मोठ्या मनाने माफ केलं तुला!

त्यानंतर तू डब्याला हात लावला नाहीस. भांडला असतास तर बरं झालं असतं. तू नुसता रविवारी यायचा बंद झालास, मग कारखाना सोडून भावाच्या बोटीवर गेलास. लेकीच्या, ॲलिशाच्या लग्नाला मात्र आठवणीने पत्रिका पाठवलीस. मी आणि संजना आलो होतो. तुमच्या पुढच्या खोलीत भिंतीवर तुझ्या बाबांचा फोटो होता, आणि त्याच्या शेजारी एक खिळा. खिळ्याला नुसती जपमाळ लटकवलेली. मी संजनाला म्हटलं, चल, मला बरं वाटत नाही. जेवण न करता निघालो म्हणून तुझी बायको रागावली असेल. संजनाने वाटेत दहा वेळा विचारलं काय झालं, मी तिलासुद्धा सांगितलं नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट.

गेल्या महिन्यात काय झालं ते ऐक. मिठागरावर गेलो होतो, बगळ्यांचा थवा उतरला, घाईघाईने दाबलं. तेवढ्यात लांबून एक म्हातारा मिठाची पाटी घेऊन येताना दिसला, म्हटलं सोडायचा नाही, पुन्हा दाबलं. रोल दिला. मिनलताई ओली पट्टी दिव्यासमोर धरून म्हणाली, काका, इथे तुम्ही फिल्म सरकवलीच नाही, दोन फोटो एकावर एक आलेत. हा कापून फेकू का? आणि मी नेहमीसारखा चिडून मागे वळलो, कुणावर तरी ओरडायला. मागे कोण असणार? खुर्चीवर पासपोर्ट फोटोसाठी नंबर लावून बसलेली एक मुलगी, तिचा काय संबंध? मी तिथे तोंड उघडं टाकून उभा राहिलो. मिनलताईने पाणी दिलं. मी म्हटलं, फेकू नका. दुसऱ्या दिवशी घरून एक जुनं पाकीट घेऊन तिच्याकडे गेलो.

हो कॅजी, मी निगेटिव्ह टाकली नव्हती. सदतीस वर्षं माझ्या कपाटात, नोकरीच्या कागदांच्या तळाशी होती. मिनलताईने त्यावरून मोठा फोटो करून दिला, तो या पत्रासोबत दोन पुठ्ठ्यांच्या मधे घातलाय. आता बघ. मावशीचा चेहरा पुसलेला नाहीये. फुलं, कानातली कुडी, हसताना पडणारी गालावरची खळी, सगळं लख्ख आहे. होडी तिच्या लुगड्यावरून जातेय, ती धुरकट आहे, कारण मी अंतर बदललंच नव्हतं, डबा दोन वावांवरच होता. माझी जीभ लटपटली नसती, तर मी तुला त्या दिवशी हे सांगितलं असतं की मावशीचं पाऊल हलायच्या आत होडी लाटेवर चढली, निशाणं फडफडली, मला वाटलं हा फोटो एखाद्या फोटोस्पर्धेत पहिला येणार, आणि तू परत यायची वाट न बघता मी जागेवरच दुसऱ्यांदा खटका दाबला. फटाक्यांत तुला ऐकू गेलं नाही. तू आलास, चावी फिरवलीस आणि आठ आला म्हणालास. मी ऐकलं होतं. आणि हे मी पुसू शकत नव्हतो, कारण त्या फोटोत डावीकडून तूच येतोयस. हातात दोरी गुंडाळत, तोंड उघडं, बहुतेक काहीतरी बडबडत. दोन वावांवरून चालत होतास म्हणून होडीपेक्षा तू स्पष्ट आलायस. फोटो तुझ्या हातात दिला असता, तर तुला लगेच कळलं असतं की दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा तू वाटेतच होतास. म्हणून मी तुझी आई तुझ्यापासून लपवली. आणखी एक बघ. पहिल्या वेळी ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती, तू बाजूला झालास तिकडे तिची मान वळली होती, गुदगुल्यांचं हसू तसंच होतं. मग मी डबा जरा वळवून होडी धरली, आणि तू आलास तो नेमका तिच्या नजरेसमोर. ती तुझ्याकडे बघून हसतेय. दोन नोव्हेंबरला तुम्ही सगळे दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जाल, त्याच्या आधी हा तुला मिळावा म्हणून आज पोस्टात टाकतोय. माफ कर असं म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो, माफ कर. तू सरकवली होतीस फिल्म. खिळ्यावरची जपमाळ काढून हा लाव. आणि मला तोंड दाखवू नकोस असं वाटलं, तर तेही बरोबर. डब्यात नवा रोल आहे, चार झालेत, आठ बाकी आहेत. पाचव्यासाठी दोरीचं दुसरं टोक मी अजून मोकळंच ठेवलंय.

तुझाच,
तुळशीराम